फिलिप ग्लास: टॅक्सी, पियानो आणि हातची न सोडलेली पानं

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात बेन ग्लास यांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि रेकॉर्डविक्रीचं दुकान होतं. त्यांचा मुलगा फिलिप शाळकरी वयापासून तिथे हाताखाली काम करायचा. एकदा नवा माल मागवायचं काम त्याच्यावर आलं आणि त्याने आर्नोल्ड शोनबर्गच्या तंतुवाद्य-चौकडीच्या रेकॉर्डचे चार संच मागवले. शोनबर्ग म्हणजे भल्याभल्या रसिकांच्याही कपाळावर आठी आणणारा रचनाकार. वडिलांनी विचारलं, मला धंद्यातून उठवायचा विचार आहे का? चारातला शेवटचा संच खपायला सात वर्षं लागली. मुलाने त्यातून भलताच धडा घेतला: पुरेसा वेळ हाताशी असेल तर काहीही विकता येतं.

तोच मुलगा पुढे जगातल्या सर्वांत जास्त ऐकल्या जाणाऱ्या हयात अभिजात रचनाकारांपैकी एक झाला. पण वयाच्या ४१व्या वर्षापर्यंत त्याचं घर चाललं ते न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी हाकून. समकालीन अभिजात संगीतात करिअर म्हणजे नेमकं काय असतं, त्यात पैसा कुठून येतो, नाव कसं होतं, हे समजून घ्यायला फिलिप ग्लासइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. कारण त्याने जवळजवळ प्रत्येक पायरी रूढ रस्ता सोडून चढली आहे.

लिहिणारा वेगळा, वाजवणारा वेगळा

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्याकडे संगीतकार म्हटलं की गाण्याला चाल लावणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. शास्त्रीय संगीतात तर गायक मैफलीत बसल्या जागी राग उलगडत असतो. निर्मिती आणि सादरीकरण एकाच श्वासात चालतं. पाश्चात्त्य अभिजात संगीतात ही दोन कामं वेगळी आहेत. रचनाकार कागदावर एकेक स्वर लिहितो: कोणता, किती वेळ, किती जोरात, कोणत्या वाद्यावर. ती स्वरलिपी वाचून वाजवणारे निराळे.

पूर्वी ही दोन माणसं बऱ्याचदा एकच असत. मोझार्ट, बेथोवन, शोपँ, लिस्ट हे सगळे स्वतःची रचना स्वतः पियानोवर वाजवायचे आणि त्यावरच त्यांचं नाव व्हायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र चित्र पालटलं. पियानोवादक शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या रचना वाजवू लागले आणि नवं लिहिणारे विद्यापीठांत प्राध्यापक झाले. यात आळस कुणाचाच नव्हता, गणितच तसं होतं. मोठ्या ऑर्केस्ट्रात ऐंशी-नव्वद वादक असतात, त्यांच्या तालमीचा तास न् तास महाग. ठाऊक असलेली सिंफनी दोन-तीन तालमींत बसते, नवी बसत नाही, आणि तिला तिकिटंही कमी खपतात. पहिला प्रयोग एक वेळ मिळतो, कारण ‘पहिलाच’ म्हणून त्याची बातमी होते. दुसरा प्रयोग मिळता मिळत नाही. कितीतरी रचना एका रात्रीपुरत्या जगतात आणि कपाटात जातात.

अशा परिस्थितीत विद्यापीठाचा पगार हाच शहाणपणाचा मार्ग. ग्लासच्या पिढीतले बहुतेक जण त्यानेच गेले. तो गेला नाही, आणि पुढचं सगळं त्या एका नकारातून घडत गेलं.

शिक्षण: भरपूर, आणि दोन टोकांचं

ग्लासला कुणी अडाणी बंडखोर समजू नये. जन्म ३१ जानेवारी १९३७चा. लहानपणी बाल्टिमोरच्या पीबॉडी संगीतशाळेत बासरी शिकला. पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठात दाखल झाला, गणित आणि तत्त्वज्ञान शिकून १९व्या वर्षी पदवीधर झाला. न्यूयॉर्कला जाऊन संगीत शिकायचं ठरवलं तेव्हा आईने बजावलं की असं केलंस तर तुझ्या काकासारखा गावोगाव भटकत हॉटेलांत आयुष्य काढशील. (ते तंतोतंत खरं झालं, असं तो स्वतःच सांगतो.) ज्युलियार्ड या नामवंत संस्थेत शिकण्यासाठी पैसे हवे होते, म्हणून काही महिने तो बेथलेहेम स्टीलच्या कारखान्यात क्रेन चालवत होता. पोटासाठी अंगमेहनतीचं काम आणि मनासाठी संगीत ही सांगड तिथूनच पडली.

याच काळात त्याने स्वतःला एक शिस्त लावून घेतली. सकाळी दहा ते एक पियानोसमोर बसायचं. काही सुचो वा न सुचो, उठायचं नाही. आणि त्या तीन तासांखेरीज इतर वेळी सुचलंच तरी लिहायचं नाही. सुरुवातीला नुसतंच बसून राहावं लागलं. मग कंटाळून लिहायला लागला. मला ही युक्ती फार आवडते: प्रतिभेची वाट न पाहता तिला वेळ ठरवून द्यायची.

ज्युलियार्डनंतर १९६४ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला, नादिया बूलांजे यांच्याकडे. त्या तेव्हा सत्तरी उलटलेल्या, करड्या शिस्तीच्या गुरू. ॲरन कोपलंडपासून आस्तोर पियाझोलापर्यंत अनेक रचनाकारांना त्यांनी घडवलं. ज्युलियार्डची पदवी घेऊन आलेल्या ग्लासला त्यांनी पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात करायला लावली. एका सुरावटीवर दुसरी कशी चालवायची, दोन सुरावटी एकमेकींच्या पायात न अडकता कशा जातात, हे नियम त्याच्याकडून रोज घोटवून घेतले. यातला एक नियम लक्षात ठेवा: दोन आवाज पंचमाचं (म्हणजे सा ते प एवढं) अंतर राखून समांतर चालवायचे नाहीत. ते सपक वाटतं, चूक मानलं जातं.

रेषा खोडल्यावर काय उरलं

पॅरिसमध्येच त्याला एक किरकोळ काम मिळालं. पंडित रविशंकर एका चित्रपटाचं संगीत करत होते आणि ते फ्रेंच वादकांकडून वाजवून घ्यायचं होतं. पंडितजी गाऊन दाखवणार, ग्लासने ते पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायचं. सोबत तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ.

ग्लासने लिहून दिलं, वादकांनी वाजवलं, आणि अल्लारखाँ म्हणाले, चुकतंय. स्वर बरोबर होते, वजन चुकत होतं. पाश्चात्त्य स्वरलिपीत ठरावीक मात्रांनंतर एक उभी रेषा येते आणि रेषेनंतरच्या पहिल्या स्वरावर वादक नकळत जोर देतात. ग्लासने रेषा इकडे सरकवून पाहिल्या, तिकडे सरकवून पाहिल्या. नको तिथे जोर पडतच राहिला. शेवटी वैतागून त्याने सगळ्या रेषा खोडून टाकल्या. समोर उरला फक्त सारख्या स्वरांचा अखंड प्रवाह, दोन-दोन आणि तीन-तीनच्या पुंजक्यांत वाहणारा. अल्लारखाँ हेच तर सांगत होते की सगळे स्वर सारखेच आहेत.

त्याच्या संगीताचं बीज इथे आहे, म्हणून थोडं थांबू. पाश्चात्त्य पद्धतीत काळ कापला जातो. एक ठाण घ्यायचं, त्याचे चार तुकडे करायचे, तुकड्यांचे पुन्हा दोन. ग्लासला दिसलं की उलटंही करता येतं. छोट्या विटा घेऊन एकीपुढे एक रचत जायचं आणि भिंत किती लांब होईल ते आधी ठरवायचंच नाही. समजा सुरावट आहे ‘सा रे ग म प’. ती काही वेळा वाजवा. मग ‘सा रे ग म प, सा रे ग म’. मग ‘सा रे ग म प, सा रे ग म, सा रे ग’. प्रत्येक फेरी थोडी लांबते. नवा स्वर एकही आलेला नाही, वेग तोच आहे, तरी कानाला काहीतरी सारखं हलतंय असं वाटतं. तुम्ही मोजायला जाता आणि मोजणी निसटते. १९६८-६९ सालच्या त्याच्या रचना जवळजवळ एवढ्यावरच उभ्या आहेत.

दुसरी युक्ती चक्रांची. उजव्या हातात तीनचा फेरा, डाव्यात चारचा. दोन्ही एकदम सुरू केले तर बारा मात्रांनी पुन्हा एकत्र येतात. तबल्याचा नाद असलेल्याला यात नवल वाटणार नाही. फरक असा की आपल्याकडे सम ही ओढ लावणारी जागा आहे, सगळी गंमत तिच्यापर्यंत पोचण्याची. ग्लासकडे भेटीची जागा येते आणि कुणी दाद द्यायच्या आत निघूनही जाते.

आपला श्रोता इथे विचारेल, मग राग कुठे आहे? मींड, आलाप? नाहीच. ग्लासने घेतली ती फक्त लयीची हाडं, मांस घेतलं नाही. न्यूयॉर्कला परतल्यावर तो अल्लारखाँकडे काही काळ तबलाही शिकला, भारतात १९६६ पासून अनेकदा येऊन गेला, पुढे १९९० साली रविशंकरांबरोबर ‘पॅसेजेस’ नावाचा अल्बमही केला. तरीही त्याचं संगीत ‘भारतीय वळणाचं’ म्हणणं मला बरोबर वाटत नाही. एका गैरसमजातून सुरू होऊन स्वतःच्या वाटेने गेलेलं ते अमेरिकी संगीत आहे.

आणि तो समांतर पंचमाचा नियम? १९६९ साली त्याने ‘म्युझिक इन फिफ्थ्स’ लिहिलं. ती रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत समांतर पंचमांतच चालते. बूलांजेबाईंना वाहिलेली ती खट्याळ गुरुदक्षिणा.

आपला वाद्यवृंद आपणच

१९६७ साली न्यूयॉर्कला परतला तेव्हा हे संगीत वाजवायला कुणी तयार नव्हतं. मोठ्या ऑर्केस्ट्रांची दारं बंद, आणि त्याला ती उघडून घेण्यात रस नव्हता. १९६८ साली त्याने स्वतःचा समूह उभा केला: फिलिप ग्लास आँसाँब्ल. सॅक्सोफोन, बासरी, एक गाणारा आवाज आणि फार्फिसा नावाचे विजेवर चालणारे छोटे ऑर्गन. ऑर्गनवर तो स्वतः.

पियानो का नाही? उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. त्याचे कार्यक्रम व्हायचे चित्रकारांच्या रिकाम्या गोदामवजा खोल्यांत, कलादालनांत, संग्रहालयांत. तिथे पियानो कुठला? फार्फिसा उचलून गाडीत टाकता यायचा. शिवाय ध्वनिवर्धकातून आवाज हवा तेवढा मोठा करता यायचा, आणि त्याला तो मोठाच हवा होता. मोठ्या आवाजात हे भराभर फिरणारे स्वर एकमेकांवर आदळले की कुणीही न वाजवलेल्या सुरावटी कानात उमटू लागतात. म्हणून ध्वनिसंयोजक कर्ट मुंकाची हाही समूहाचा वादकाइतकाच महत्त्वाचा माणूस होता.

श्रोते आले ते संगीताच्या जगातले नव्हते. चित्रकार, शिल्पकार, नाटकवाले, रॉकवाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या कार्यक्रमाला डेव्हिड बोवी आणि ब्रायन ईनो हजर होते. दोन दशकांनी, १९९२ साली, ग्लासने बोवी-ईनो यांच्याच ‘लो’ या अल्बमवरून आपली पहिली सिंफनी रचली. जाणकारांचा सूर मात्र बराच काळ ‘सुई अडकलेली रेकॉर्ड’ असाच होता. युरोपातल्या एका कार्यक्रमात तर एक श्रोता चिडून मंचावर चढला आणि त्याच्या ऑर्गनवर हात आपटू लागला. ग्लासने एका हाताने त्याला ठोसा लगावला आणि दुसऱ्या हाताने वाजवणं चालू ठेवलं.

पण यात पोट भरत नव्हतं. सहाध्यायी स्टीव्ह राइश हाही त्याच वाटेवरचा रचनाकार. दोघांनी मिळून काही काळ घरसामान हलवण्याचा धंदा केला. ग्लास शिल्पकार रिचर्ड सेराचा मदतनीस होता. नळजोडणीचं काम तो करता करताच शिकला. एकदा भांडी धुण्याचं यंत्र बसवायला गेला तर घर निघालं ‘टाइम’चे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूझ यांचं. ह्यूझ हबकले, अहो, तुम्ही तर फिलिप ग्लास, तुम्ही कलावंत, तुम्ही इथे काय करताय? ग्लास म्हणाला, यंत्र बसवतोय, होईलच आता. आणि कलावंत असलो तरी कधीकधी नळकामही करतो.

मग टॅक्सी. दुपारी गाडी ताब्यात घ्यायची, मध्यरात्रीपर्यंत हाकायची, घरी येऊन पहाटेपर्यंत लिहायचं, मुलांना शाळेत सोडायचं आणि मग झोपायचं. या कामांची त्याला लाज नव्हती, उलट त्यात हिशेब होता. प्राध्यापकी केली तर डोकं दुसऱ्यांच्या संगीतात गुंतणार, आणि समूह घेऊन दौऱ्यावर जायला रजा मागावी लागणार. टॅक्सीला रजेचा अर्ज लागत नाही.

पानं कुणाकडे?

या करिअरचा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे कागदपत्रांचा.

रचनाकाराला पैसे मिळतात ते ढोबळमानाने असे. पहिला कमिशनचा. इथे कमिशन म्हणजे दलाली नव्हे. एखादी संस्था, महोत्सव किंवा वादक ‘आमच्यासाठी नवी रचना लिहा’ म्हणून आगाऊ ठरवून जे मानधन देतो ते. ते एकदाच मिळतं, आणि वर्षभराच्या कामाला वाटलं तर बहुतेकांच्या बाबतीत तुटपुंजं ठरतं. त्यातूनच बऱ्याचदा वादकांसाठी प्रत्येक वाद्याची वेगळी पानं तयार करून घ्यायचा खर्चही निघायचा असतो. दुसरा पैसा सादरीकरणाच्या हक्काचा: मैफलीत, रेडिओवर रचना वाजली की ॲस्कॅप किंवा बीएमआयसारख्या संस्था शुल्क गोळा करतात आणि रचनाकार व प्रकाशक यांना वाटतात. ऑपेरासारख्या रंगमंचीय कृतींचा हक्क या संस्थांकडे नसतो. तो प्रत्येक प्रयोगासाठी प्रकाशकाशी थेट बोलून ठरवावा लागतो. तिसरा, ऑर्केस्ट्राला दिलेल्या पानांचं भाडं. होय, भाडं. सिंफनीची पानं सहसा विकत मिळत नाहीत, प्रयोगापुरती मिळतात आणि परत करावी लागतात. त्याशिवाय रेकॉर्ड, आणि चित्रपट-जाहिरातीत वापरायचा परवाना.

यात लक्षात येईल की जवळजवळ प्रत्येक ओढ्याच्या काठावर प्रकाशक बसलेला आहे. नव्या रचनाकाराला प्रकाशक मिळाला की तो हरखून जातो, कारण प्रकाशक रचना छापतो, जगभर पोचवतो, वसुली करतो. बदल्यात उत्पन्नाचा मोठा वाटा आणि बऱ्याचदा मालकी हक्कच घेतो.

ग्लासने हक्क स्वतःकडे ठेवले. पुढे डनवेगन या नावाने स्वतःचीच प्रकाशनसंस्था चालवली. पण त्याआधीची त्याची चाल जास्त धूर्त होती. समूहासाठी लिहिलेल्या रचनांची पानं त्याने बाहेर कुणाला वाजवायला दिलीच नाहीत. इतर रचनाकार आपली रचना कुणीतरी वाजवावी म्हणून जिवाचं रान करतात, आणि हा दडवून बसला! हिशेब असा की हे संगीत ऐकायचं तर याच समूहाला बोलवावं लागेल. नाव वाढेल तसं समूहाला काम वाढेल, आणि काम मिळत राहिलं तरच वादक टिकतील. शिवाय अजून या संगीताची सवय नसलेल्यांनी ते वाईट वाजवून बदनाम करण्याची भीतीही टळली. वाजवणारा स्वतः असल्यानेच हे जमलं. जो फक्त लिहितो त्याला पानं सोडावीच लागतात.

१९७४ साली त्याने न्यूयॉर्कचं टाउन हॉल भाड्याने घेऊन जवळजवळ चार तासांचं ‘म्युझिक इन ट्वेल्व्ह पार्ट्‌स’ पूर्ण सादर केलं. कुणी बोलावलं नव्हतं. हिंमत स्वतःची आणि जोखीमही स्वतःची.

मेट्रोपॉलिटनहून पुन्हा टॅक्सीत

दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनबरोबर केलेला ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा २५ जुलै १९७६ला फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात पहिल्यांदा झाला. सुमारे पाच तास, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवं तेव्हा उठावं आणि परत यावं. कथा नाही. गायक बराच वेळ आकडे आणि स्वरांची नावं गातात. ती मुळात तालमीत मात्रा मोजण्यासाठी होती, तीच राहिली. युरोपात फिरून तो नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये आला. इथे पुष्कळांचा समज होतो की मेट्रोपॉलिटनने त्याला बोलावलं. तसं नव्हतं. रविवारी ते नाट्यगृह मोकळं असायचं, ते भाड्याने घेतलं होतं. तिकिटं संपली, लोक उभे राहून पाहत होते, आणि तरी खेळ तोट्यात गेला. एवढ्या मोठ्या प्रयोगाचा खर्च भरलेल्या नाट्यगृहातूनही निघत नाही; ऑपेराच्या जगात हे नेहमीचंच.

कर्ज घेऊन ग्लास पुन्हा टॅक्सीवर. एकदा मागे बसलेल्या एका बाईंनी समोर लावलेल्या परवान्यावरचं नाव वाचलं आणि त्याला म्हणाल्या, तरुण माणसा, एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं नाव तुझ्यासारखंच आहे, ठाऊक आहे का?

सुटका झाली ती हॉलंडमधून. नेदरलँड्स ऑपेराने त्याला नव्या कृतीचं कमिशन दिलं आणि १९७८ साली त्याने टॅक्सी सोडली. कृती होती ‘सत्याग्रह’; ५ सप्टेंबर १९८०ला रॉटरडॅममध्ये पहिला प्रयोग झाला. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, तीन अंकांवर टॉलस्टॉय, टागोर आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची सावली, आणि गायन संपूर्ण संस्कृतमध्ये, भगवद्गीतेतल्या श्लोकांचं. गीता कानावर असलेल्याला पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटतं. उच्चार परके, छंद मोडलेला. शेवटच्या अंकात गांधी एकटे गातात ती सुरावट मात्र ऐकाच. खालून वर जाणारी साधी आठ स्वरांची शिडी, पुन्हा पुन्हा तीच. सुरुवातीच्या वर्षांतला कोरडेपणा इथे संपला आहे.

या वेळी समूह नव्हता, नेहमीचा ऑर्केस्ट्रा आणि ऑपेरा-गायक होते. म्हणजे पानं अखेर बाहेर गेली. पण आता ती मागणी करून, मोजून घेतली जात होती.

चित्रपटांबद्दल थोडक्यात. गॉडफ्री रेजिओच्या ‘कोयानिस्कात्सी’ला (१९८२) त्याने आधी नकार दिला होता. मग शब्द नसलेल्या त्या चित्रपटात कधी दृश्यांवर संगीत बेतलं गेलं तर कधी संगीतावर दृश्यं, आणि रचनाकाराला शेवटी बोलावून रिकाम्या जागा भरायला सांगण्याचा नेहमीचा रिवाज मोडला. पुढे ‘कुंदुन’, ‘द अवर्स’ आणि ‘नोट्‌स ऑन अ स्कँडल’साठी ऑस्कर नामांकनं मिळाली. नाकं मुरडणारे म्हणतात की यात त्याने स्वतःचीच नक्कल केली. काही ठिकाणी ते खरंही आहे; इतकं लिहिणाऱ्याचं सगळंच सारख्या तोलाचं नसतं.

पियानोवर परत

आता पियानो. ऑर्गन, ध्वनिवर्धक, सात-आठ माणसं आणि पेट्या घेऊन फिरणं खर्चिक. एकट्याने पियानोवर बसायचं तर विमानाचं एक तिकीट पुरतं. वाद्य सभागृहात असतंच. ऐंशीच्या दशकापासून ग्लास असे एकट्याचे कार्यक्रम जास्त करू लागला. त्यातली ‘मॅड रश’ ही रचना मुळात १९७९ साली न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये दलाई लामांच्या आगमनासाठी ऑर्गनवर वाजवायला केलेली. ते नेमके किती वाजता येतील हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून रचना अशी बांधली की हवी तेवढी लांबवता यावी: एक शांत भाग, एक उसळणारा भाग, पुन्हा शांत. पुनरावृत्तीचं संगीत इतकं कामाला क्वचितच आलं असेल.

१९८२च्या ‘ग्लासवर्क्स’ अल्बममधली ‘ओपनिंग’ ही त्याची बहुधा सगळ्यांत जास्त वाजवली जाणारी पियानो-रचना. दिसायला सोपी: उजवा हात तीन-तीन स्वर, डावा दोन-दोन. एक हात तिगुण, एक दुगुण. वाजवायला बसलं की कळतं, हात एकमेकांना आपल्याकडे ओढतात. ते साधलं की दुसरी अडचण सुरू होते. सगळ्या ओळी इतक्या सारख्या की आपण कितव्या फेरीत आहोत हेच विसरायला होतं. बोटांपेक्षा मनाचीच दमछाक जास्त.

ग्लास स्वतः काही थोर तंत्राचा पियानोवादक नव्हता, आणि हे तो मोकळेपणाने मान्य करतो. त्यावर त्याने काढलेला तोडगा त्याच्या स्वभावाला धरून आहे. नव्वदच्या दशकात, पन्नाशी उलटल्यावर, स्वतःचा हात सुधारावा म्हणून तो एत्यूद लिहू लागला. एत्यूद म्हणजे एखाद्या अडचणीवर मेहनत घ्यायला बांधलेली छोटी रचना. शोपँ आणि देब्युसीने त्यांना मैफलीत स्थान मिळवून दिलं. पहिले सहा त्याने ऑर्केस्ट्रा-संचालक आणि पियानोवादक मित्र डेनिस रसेल डेव्हिस यांच्या पन्नाशीनिमित्त दिले. पहिले दहा तो वर्षानुवर्षं स्वतः मंचावर वाजवत राहिला आणि २००३ साली त्यांची रेकॉर्ड काढली. त्याच्या वादनात चुका ऐकू येतात, लय जराशी डुलते. मला ते आवडतं. मागे कुणीतरी विचार करत बसलंय असं वाटतं.

दुसरे दहा लिहिताना मात्र काहीतरी बदललं. पहिल्या दहांत शिकणाऱ्याचे हात डोळ्यांसमोर होते, नंतरच्यांत नुसतं संगीत. स्वरसंगती अनपेक्षित वळणं घेतात, आणि काही एत्यूद त्याच्या स्वतःच्या बोटांना पेलणारेही राहिले नाहीत. विसावा आणि शेवटचा २०१२ साली पूर्ण झाला. तो संथ आहे, जवळजवळ स्वगत. १९६८च्या त्या विटा रचणाऱ्या माणसाने हे लिहिलं हे सांगूनही पटत नाही.

पूर्ण वीस एकत्र पहिल्यांदा वाजले ते २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. मंचावर तिघं होते: ग्लास, माकी नामेकावा आणि सॅली व्हिटवेल. पुढच्याच वर्षी दोन्ही भागांची स्वरलिपी छापून बाजारात आली, कुणीही विकत घ्यावी आणि वाजवावी अशी. २०१७ साली आइसलँडचा तरुण पियानोवादक विकिंगुर ओलाफसन याने त्यातले काही रेकॉर्ड केले, ग्लासहून कितीतरी सफाईने आणि वेगळ्या लयीत. त्याच वर्षी, ऐंशीव्या वाढदिवशी, ग्लासची अकरावी सिंफनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. संचालन डेनिस रसेल डेव्हिस यांचंच होतं.